भोळ्यांचा शब्द

'सिली' म्हणजे मूर्ख, हे शाळेतले कुठलेही पोर सांगेल. पण या शब्दाचे कूळ मोठे आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा पूर्वज 'सुखी, धन्य' या अर्थाने नांदत होता. त्याचे जर्मन भावंड आजही 'धन्य'च आहे. इंग्लंडात मात्र 'धन्य'चा 'निष्पाप' झाला, 'निष्पाप'चा 'बिचारा', आणि सोळाव्या शतकात 'बिचारा'चा 'मूर्ख'!

आपण तरी काय निराळे करतो? देवळातला शंकर भोळा म्हणून पूज्य. बाजारातला माणूस भोळा म्हणून फसवायला सोपा!

परवा एका मुलाने मैदानात सापडलेली शंभराची नोट माझ्या टेबलावर आणून ठेवली. "बावळट!" मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणाले. वर्ग हसला. मी फळ्यावर 'सिली' लिहिले, आणि आधी जुना अर्थ सांगितला.