म्हातारबाबांची साक्ष

तलासरीच्या एका पाड्यावर युवकांना नागरिकत्वाचे धडे द्यावयास आम्ही मूलभूत कर्तव्यांचा तक्ता घेऊन गेलो होतो. तो गुंडाळलेलाच राहिला. १९४५ साली झरीच्या सभेत गोदावरी परुळेकरांसमवेत वेठबिगार नाकारणाऱ्यांच्या या पणतवंडांना हक्क म्हणजे काय, हे आम्ही काय सांगावे! त्यांना वनहक्काचे दावे भरावयाचे होते.

२००६ च्या कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासींच्या ताब्यात असलेली वनजमीन, कमाल चार हेक्टर, कसणाऱ्याच्या नावे होऊ शकते. पुराव्यांत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. एक मुलगी वडिलांच्या दाव्यासाठी शेजारच्या म्हातारबाबांचा जबाब लिहून घेत होती.

“वरकसाचा तुकडा धरू नको,” ते म्हणाले. “तो तुझ्या बापाने मागाहून साफ केला.”

तिने आमच्याकडे पाहिले. खरे सांगतो, ‘असू दे’ हे शब्द आमच्या अगदी ओठांवर आले होते. तुकडा तो केवढा, आणि त्या घरी खाणारी तोंडे सात!

आम्ही बोलण्यापूर्वीच तिने ती ओळ खोडली, उरलेला जबाब त्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि मग शाईची डबी त्यांच्यापुढे सरकवली.