पाच वॅटांची शिदोरी

आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ, बेला यांसारख्या पैनगंगेकाठच्या मराठी वस्त्यांमध्ये रेडिओ अनेक घरांत विजेच्या आधी, आणि वीज आल्यावरही तिच्या भरवशावर न राहता वाजत असे. त्यामुळे अशा घरात वाढलेल्या ज्या माणसाला पुढे हौशी रेडिओचा, म्हणजे सरकारी परवाना घेऊन, मोबदल्याविना बिनतारी संभाषण करण्याचा नाद लागला, त्याच्या आयुष्याचा आलेख त्याने वापरलेल्या संचांपेक्षा बॅटऱ्यांवरून अधिक नीट काढता येतो.

या आलेखाचा आरंभ दीड व्होल्टच्या कोरड्या सेलपासून होतो. १८६६ साली फ्रान्सच्या जॉर्ज लक्लांशे याने बनवलेल्या सेलचे हे सुटसुटीत रूप. त्यात जस्ताचे कवच हळूहळू झिजून वीज देते, आणि उतरलेले सेल दुपारभर उन्हात ठेवले की रासायनिक क्रिया थोडी वेग घेऊन संध्याकाळच्या बातम्यांपुरता आवाज परत येतो, हे घरोघरी ठाऊक होते. या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारी अडवणूक, मोठा असल्याने त्याची दोन टोके चुकून जुळली तरी तो फारतर गरम होई. गळून स्प्रिंगवर गंज चढवणे हाच त्याचा मोठा अपराध. दुबळेपणामुळे निरुपद्रवी असलेल्या या वस्तूने बॅटरी हाताळण्याचा जो बेफिकीर सराव लावला, तो मात्र पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मोडावा लागतो.

दुसरा टप्पा शिसे-आम्ल बॅटरीचा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद डब्यातील बॅटरी दोन किलोंहून जड असते, आणि तिचे आयुष्य राखायचे तर जवळपास निम्मी क्षमताच वापरणे शहाणपणाचे ठरते, कारण पूर्ण उतरवून तशीच ठेवल्यास पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात. घरातल्या मेजाखाली ती उत्तम चालते. सातमाळाच्या डोंगरात खांद्यावरून नेण्यासाठी मात्र ती गैरसोयीची आहे.

तिसरा टप्पा हलक्या लिथियम बॅटरीचा, आणि अशा बॅटरीवर भागणाऱ्या कमी शक्तीच्या संचांवर हैदराबादचे ऋण मोठे आहे. तिथे १९८३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेने हा छंद परीक्षा, प्रशिक्षण आणि आपत्तीकाळातील सेवा यांच्याशी जोडला. त्याच शहरातील अशहर फरहान यांनी साध्या सुट्या भागांतून उभा राहणारा ‘बिटएक्स’ हा संच रचला, जो पुढे जगभरच्या हौशींनी बांधला. असे संच ‘क्यूआरपी’ प्रकारात मोडतात, म्हणजे साधारणपणे मोर्ससाठी पाच आणि आवाजासाठी दहा वॅटपर्यंतच शक्ती वापरतात. तरीही दिवसा ७ मेगाहर्ट्झवर खाली बांधलेल्या तारेतून लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात, आणि सरळ रेषेत दोनशेहून अधिक किलोमीटरवरचे हैदराबाद आदिलाबादकडील उटनूरच्या टेकडीआडूनही गाठता येते.

अशा संचाला लागते तरी किती? पाच वॅटचे प्रक्षेपण करताना दीड-दोन अँपिअर, ऐकताना अर्ध्या अँपिअरहून कमी; वेळेचा चौथा हिस्सा बोलण्यात गेला असे धरले तर तासाला एक अँपिअर-तासही पुरा खर्च होत नाही. गरज इतकी कमी असताना सर्वांत हलक्या बॅटरीच्या मागे लागून धोका विकत घेणे हे प्रस्तुत विषयातील सर्वांत अनाकलनीय वर्तन म्हटले पाहिजे.

हा धोका प्रामुख्याने कोबाल्ट ऑक्साइडवर आधारलेल्या लिथियम सेलचा आहे, कारण तो अति तापला की धनाग्रातील पदार्थ विघटित होऊन प्राणवायू सोडतो आणि आतल्या ज्वलनशील द्रवाला आग धरायला बाहेरच्या हवेचीही फारशी गरज उरत नाही. लिथियम लोह फॉस्फेटमध्ये, ज्याचे गुण जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात दाखवून दिले, प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने तो सहजी सुटत नाही. हे सेल अग्निरोधक नव्हेत, द्रव तोच ज्वलनशील असतो. परंतु बिघाड झाल्यास तो आटोक्यात राहण्याची शक्यता बरीच जास्त. शिवाय ३.२ व्होल्टचे चार सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात, जे १३.८ व्होल्टसाठी बनवलेल्या बहुतेक संचांना सहज मानवते, तर साध्या लिथियमचे चार सेल पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्टवर जाऊन काही संच जाळू शकतात. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या, १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या सेलच्या वेष्टनावर ‘९९०० एमएएच’ असे छापलेले दिसले तर तो उचलूच नये. त्या आकारात खऱ्या सेलची मजल ३५०० च्या आसपास संपते.

आता उन्हाचा प्रश्न. लिथियम सेल चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा शून्य ते ४५ अंश सेल्सियस अशी असते. खालच्या टोकाची आदिलाबादला चिंता नाही, पण मे महिन्यात इथला पारा सावलीतच वरच्या टोकाला भिडतो, तेव्हा बंद मोटारीतील बॅटरीची अवस्था वेगळी सांगायला नको. लहानपणचा सेल उन्हाने उजळे. हा उन्हाने बिघडतो. म्हणून सौर पट्टी उन्हात आणि बॅटरी लांब वायरने झाडाखाली, अशी मांडणी हवी, आणि घरून निघायचे असल्यास चार्जिंग पहाटे उरकावे.

मात्र लिथियम सेल कोणत्याही प्रकारचा असो, शॉर्ट झाल्यावर वायर लाल करण्याइतका प्रवाह सहा अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीतून निघू शकतो. तेव्हा बॅटरी घेणाऱ्याने धन टोकाला अगदी लागून पाच अँपिअरचा फ्यूज आधी बसवावा, दोन्ही टोके झाकावीत, आणि मगच संच जोडावा.