देठ खुडताना

"सायेब, नेट सुरू हाये, पण अटकून रायलं." भिवापुरातल्या एका कार्यालयातून फोन आला आणि मी नागपूरहून उमरेडमार्गे निघालो.

कार्यालयाला दोन वाटा : उमरेडकडून १ गिगाबिटची फायबर, पवनीकडून १०० मेगाबिटची रेडिओ लिंक. राऊटर ओएसपीएफवर, म्हणजे वाट निवडायच्या एका नियमावलीवर चालणारा. त्याच्या पोटात डाइक्स्ट्राची रीत; १९५६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत वीसेक मिनिटांत सुचलेली. प्रत्येक लिंकची कॉस्ट मांडायची, बेरजा करत जायचं, सगळ्यांत कमी बेरजेची वाट धरायची.

स्क्रीनवर पाहतो तर दोन्ही वाटांची कॉस्ट १! एका ठरलेल्या मापाला लिंकच्या वेगाने भागलं की कॉस्ट मिळते, आणि बऱ्याच राऊटरांत ते माप अजून १०० मेगाबिटच असतं. शंभराची कॉस्ट १. हजाराची खरं तर ०.१, पण किमान १ धरायची. राऊटरने इमानेइतबारे निम्मी-निम्मी वाहतूक वाटली नि रेडिओ गुदमरली. ते माप बदलायचं मीच टाळलं होतं. म्हटलं, राहू दे, साधं बरं.

आता माप १०,००० केलं, तेही सगळ्या राऊटरांवर सारखंच. नाहीतर एकाचा शेर, दुसऱ्याचा किलो. फायबर १०, रेडिओ १००. नेट मोकळं झालं.

मग रूट टेबल उघडलं. दूरदूरच्या शाखांच्या शेकडो ओळी. बाहेर पडायला दारं दोनच, मग एवढे पत्ते पाठ कशाला? इथल्या जुन्या नॅरोगेजच्या स्टेशनात एका हाताला नागपूर असायचं, दुसऱ्या हाताला नागभीड. मुंबईचा प्रवासी आला तरी त्याला नागपूरच्या गाडीत बसवलं की काम व्हायचं. तसंच भिवापूरला टोटली स्टब एरिया केलं, म्हणजे दूरचे पत्ते आत येऊच द्यायचे नाहीत. उरला डिफॉल्ट रूट : जे ठाऊक नाही, ते उमरेडकडे, ती वाट तुटली तर पवनीकडे. पुढे कुठे अडलं तर इथे कळणार नाही, एवढं सोसायचं.

परतताना सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ खुडायच्या जागी, बाया मिरची खुडत होत्या. ही भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी मिरची. चिमटीत देठ, एक झटका, मिरची ढिगात. चिमटी जरा खाली सरकली तर मिरची फुटते, बी सांडतं. गाडी थांबवून पाहत राहिलो. इतके दिवस मी देठ तसाच ठेवून मिरचीच तोडत होतो.