मंद आचेवरचा मऊ घास

वय वाढू लागले की माणूस एकेक पदार्थ सोडत जातो, आणि बहुधा कोणाला न सांगता सोडतो. आधी भाकरीचा कडक पापुद्रा जातो, मग पेरू, मग शेंगदाणे आणि एके दिवशी मटणही. विचारले तर उत्तर मिळते, "आता इच्छाच राहिली नाही." माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. थोडी अधिक चौकशी केली की सैल झालेली कवळी, हलणारे चार दात किंवा औषधांमुळे कोरडे पडणारे तोंड पुढे येते. इच्छा असते, चावण्याचे बळ नसते.

याचा परिणाम ताटापुरता राहत नाही. उतारवयात स्नायू झपाट्याने झिजतात आणि त्यांना प्रथिनांची गरज तरुणपणापेक्षा अधिक असते. निरोगी वृद्धाने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे या विषयातील तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ६० ते ७२ ग्रॅम. चहा-बिस्किटे आणि वरणाच्या पाण्यावर हा हिशेब जुळत नाही. मग मांड्या सुकतात, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात आणि पुढची पायरी पडण्याची असते.

माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान, ज्यांना मी दाजी म्हणतो, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातील रॅले शहरी चाळीस वर्षे राहत आहेत. त्या राज्यात डुकराचे मांस तासन्‌तास मंद आचेवर शिजवून, त्याचे धागे सोडवून, व्हिनेगर व मिरचीच्या आंबट-तिखट पाण्यात कालवून खाण्याची जुनी परंपरा आहे. याला तेथे 'पुल्ड पोर्क' म्हणतात. दाजींचा तो आवडीचा पदार्थ. गतवर्षी मी तेथे गेलो तेव्हा दाजी सत्त्याहत्तर वर्षांचे होते. वर्षभरात त्यांचे वजन ६४ किलोवरून ५७ वर आले होते. सर्व तपासण्या झाल्या होत्या, मोठा आजार निघाला नव्हता. नवी कवळी टोचत होती आणि ते बहुतेक सूपावर राहत होते.

ताईची अडचण निराळी होती. तिची बोटे संधिवाताने आखडलेली. ओट्यापाशी तासभर उभे राहणे तिला जमत नव्हते. "मी करून तरी काय घालू यांना? तूच सांग," ती म्हणाली. तिच्या फडताळात एक स्लो कुकर वर्षानुवर्षे पडून होता. आम्ही तो खाली काढला.

या भांड्याचा जन्मच मऊ शिजलेल्या अन्नाच्या आठवणीतून झाला आहे. आयर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाची आई लिथुआनियातील आपल्या बालपणाच्या गोष्टी सांगे. ज्यू कुटुंबे शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी कडधान्य व मांसाचे भांडे गावच्या भटारखान्याच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवीत. त्यावरून सुचलेल्या विजेच्या भांड्याचे पेटंट नॅक्सन यांना १९४० साली मिळाले, आणि १९७१ साली ते 'क्रॉक-पॉट' या नावाने घरोघरी पोहोचले.

कृती सोपी आहे. खांद्याचे साधारण २ किलो मांस घ्यावे. ते फ्रीझरमधून काढून थेट भांड्यात घालू नये. आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सैल होऊ द्यावे. दोन लहान चमचे मीठ, मिरपूड व थोडे लाल तिखट चोळावे. तळाशी कांद्याच्या चकत्या, वर मांस आणि अर्धी वाटी सफरचंदाचे व्हिनेगर. झाकण लावून 'लो'वर आठ ते दहा तास ठेवावे. मध्ये झाकण उघडू नये. साठलेली उष्णता निघून जाते आणि वेळ लांबतो.

इतका वेळ का, हे समजून घ्या. डुकराच्या मांसाचा अखंड तुकडा आतून ६३ अंश सेल्सियसला पोहोचून तीन मिनिटे राहिला की तो खाण्यास सुरक्षित होतो, परंतु खांद्याचे मांस तेव्हा चिवटच असते. त्यातील कोलॅजन नावाचे प्रथिन विरघळून त्याचे जिलेटिन होण्यास उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. आतील तापमान ९० ते ९५ अंशांवर गेले की दोन काट्यांनी मांस सहज सुटते. अंगचा रस गाळून थंड करावा, वर गोठलेली चरबी काढून टाकावी आणि उरलेला रस मांसात परत घालावा. सुमारे ८५ ग्रॅम शिजलेल्या मांसातून जवळपास २० ग्रॅम प्रथिने मिळतात.

पहिल्या दिवशी दाजींनी ते मऊ भाताबरोबर खाल्ले आणि ताईकडे पाहून म्हणाले, "अहो, अजून थोडं वाढा." ताई काही बोलली नाही, तिने वाढले. मी तेथे सहा आठवडे होतो. अंडी, दूध, रोजचे खुर्चीतून उठण्या-बसण्याचे व्यायाम आणि आठवड्यातून दोनदा हे मांस, अशा आहाराने त्यांचे वजन दीड किलोने वाढले. दरम्यान कवळीही दुरुस्त करून घेतली. तेही तितकेच आवश्यक होते.

आता काही सावधगिरीच्या सूचना. पक्षाघात किंवा कंपवातामुळे ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना हे लांब धागे धोक्याचे आहेत. मांस कितीही मऊ असले तरी धागा घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी ते अगदी बारीक करून दाट रसात ओलसर ठेवावे लागते, आणि तेही गिळण्याच्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानंतरच. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी मांस बेताने खावे. बाटलीबंद बार्बेक्यू सॉसमध्ये साखर व मीठ बरेच असते. मधुमेह व रक्तदाब असलेल्यांना व्हिनेगरचे पाणीच बरे.

शिजलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे आणि खाताना वाफाळेपर्यंत गरम करावे. मात्र ते गरम करण्यासाठी स्लो कुकर वापरू नये. तो फार सावकाश तापतो.

डुकराचे मांस जे खात नाहीत, त्यांना बोकडाच्या खांद्याचे किंवा नळीचे मांस याच रीतीने शिजवता येईल. आपला प्रेशर कुकरही हे काम अधिक तापमानामुळे थोड्या वेळात करतो. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावे : राजमा स्लो कुकरमध्ये कच्चा घालू नये. भिजवून, पाणी बदलून, अर्धा तास खळखळ उकळल्याशिवाय त्यातील विषारी घटक नष्ट होत नाही. आणि मुलांनी अमेरिकेतून आणलेला कुकर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर थेट लावू नये. तो तिकडच्या १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो.

घरातील वडीलधाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. त्यांनी गेल्या वर्षभरात कोणकोणते पदार्थ सोडले, ते एकदा शांतपणे बसून विचारा. "नको" या उत्तरावर थांबू नका; कवळी पाहा, दर महिन्याला वजन करा, तोंड कोरडे पडते का ते विचारा. आणि आजी-आजोबांनो, चावता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगा. त्यावर बहुतेक वेळा उपाय असतो.