वाटून न घेता येणारं काम

महासंगणक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच एक अजस्र यंत्र यायचं. भाच्याने समजावलं तेव्हा कळलं, तसं नसतंच मुळी! १९९४ साली अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे १६ प्रोसेसर साध्या इथरनेटच्या जाळ्याने जोडले. त्या समूहाचं नाव 'बेओवुल्फ'. आपल्या पुण्यातल्या सी-डॅकचा १९९८ मधला 'परम १००००' हाही जोडलेल्या यंत्रांचा समूहच.

मास्तर असल्यामुळे मला हे पेपर तपासणीसारखं वाटलं. एका खोलीत चार शिक्षक बसलेत आणि गुणांची वही एकच. संगणकाच्या आतले थ्रेड, म्हणजे कामाचे धागे, असेच एका स्मृतीवर काम करतात. दोघांनी एकदम त्याच ओळीत लिहिलं तर घोटाळा, म्हणून एकाचं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. शिक्षक वेगवेगळ्या गावी असतील तर मात्र प्रत्येकाची वही वेगळी. मग सगळा कारभार निरोपांवर! आणि निरोपाला वेळ लागतो.

जीन अॅमडाल यांनी १९६७ साली यातली मेख दाखवली. समजा, १०० तासांचं काम आहे आणि त्यातले १० तास एकालाच करावे लागतात. उरलेले ९० तास दहा जणांत वाटले तर प्रत्येकी ९. एकूण १९ तास. नव्वद जण लावले तरी ११ तास. हजार लावा, दहाच्या खाली काही येणार नाही. निरोपांचा वेळ तर यात धरलेलाच नाही.

हे वाचलं आणि मला आईचं शेवटचं वर्ष आठवलं. आम्ही चार भावंडं, चार गावी. कामं नीट वाटली होती. एकाकडे बँक, एकाकडे औषधं, बहिणीकडे डॉक्टरांशी बोलणं, माझ्याकडे कागदपत्रं. रोज रात्री एकमेकांना फोन. पण मध्यरात्री आई जागी झाली की तिला थोरल्या वहिनीच लागत. दुसऱ्या कुणाच्या हातून पाणीसुद्धा घेत नसे. बाई ठेवून पाहिली, बहीण येऊन राहिली, उपयोग नाही. तेवढं काम वाटलं जाईना. ते वर्षभर वहिनींनी एकटीने केलं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

कोणी किती पैसे दिले, किती खेपा घातल्या, हे आमच्या घरात अजूनही मोजलं जातं. मोजू दे बापडे. मला एवढंच वाटतं की कामाचा हिशेब मांडताना माणसं किती होती हे पाहण्याआधी वाटता न येणारा भाग कुणाच्या वाट्याला आला ते पाहावं. सगळ्यांची गती शेवटी त्याच माणसावर अवलंबून असते.

असो. घरची मंडळी हे वाचत असतील, तर आज वहिनींना एक फोन करा. औषधांची चौकशी नको, नुसत्या गप्पा मारा.