कमाटी बागेतले पाच तास

वडोदऱ्यात नोकरी लागली आणि खोलीची शोधाशोध सुरू झाली. एका ठिकाणी भाडं, अनामत, स्कूटर लावायची जागा सगळं ठरलं. जाता जाता मालकांनी आडनाव विचारलं. संध्याकाळी त्यांचा फोन: "खोली भाच्याला द्यायचं ठरलंय." मी "बरं" म्हणाले आणि रात्रभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिले.

सकाळी आत्या म्हणाली, "चल, कमाटी बागेत जाऊ." सयाजीबागेला इथले जुने लोक अजून हेच म्हणतात. मला वाटलं, संग्रहालय दाखवून माझं मन रमवणार. पण ती मला संकल्पभूमीवर घेऊन गेली.

बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून बाबासाहेब सप्टेंबर १९१७ मध्ये इथे नोकरीला आले. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास ते या बागेत बसून होते. दर २३ सप्टेंबरला लोक इथे येतात ते त्यासाठी.

"इतकं होऊनही ते शांत बसले?" मी विचारलं.

"शांत कुठले! अठरा वर्षांनी लिहिलंय त्यांनी, आठवण आली की डोळ्यांत पाणी येतं म्हणून. विसरले नाहीत. पण तीन वर्षांत 'मूकनायक' काढला, दहा वर्षांत महाडचं तळं."

आत्या रोज पहाटे ध्यानाला बसते. पालीत खंती म्हणतात, दहा पारमितांपैकी एक. तिच्या मते त्याचा अर्थ मुकाट्याने सोसणं असा नाहीच. तिथेच बाकावर तिने मला मैत्रीभावना करायला बसवलं. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जवळच्या माणसाचं, मग ओळखीच्या कुणाचंही आणि शेवटी ज्याचा राग येतो त्याचं. पहिले तीन टप्पे बरे गेले. चौथ्याला मालक समोर आले आणि माझे दात आवळले.

"नाही जमत."

"मग श्वासावर ये. उद्या परत."

"म्हणजे त्यांना माफ करायचं?"

"ते मागायला आले तर बघू. तू आधी झोप नीट." मग पर्समधून शेंगदाणे काढून म्हणाली, "आणि आडनाव लपवू नकोस."

त्या आठवड्यात मी फोनवरच आधी आडनाव सांगायला लागले. दोघांनी "कळवतो" म्हटलं. तिसऱ्या बाईंनी विचारलं, "स्कूटर आहे का? गेट अरुंद आहे."