निरिंद्रिय

ज्या विद्याशाखेला मराठीत कोणी असेंद्रिय, तर कोणी निरिंद्रिय रसायनशास्त्र म्हणतात, तिच्या नावात एक नकळत झालेला विनोद आहे. येथे इंद्रिय म्हणजे सजीवाचा अवयव. सजीवसृष्टीशी संबंध नसलेल्या द्रव्यांचा अभ्यास, एवढाच त्या नावाचा अर्थ. परंतु पदवीच्या वर्गात हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात कळते, की इंद्रियांवाचून येथे एक पाऊलही पुढे पडत नाही. किपच्या उपकरणातून येणारा हायड्रोजन सल्फाइड नाकाला कळतो आणि घरी जाईपर्यंत कपड्यांना सोडत नाही. परीक्षानळीतील साका डोळ्याला दिसावा लागतो. प्लॅटिनमच्या तारेवर क्षाराचा कण घेऊन तो बर्नरच्या ज्योतीत धरला, की ज्योतीचा पालटलेला रंग धातूचे नाव सांगतो. कॅल्शियमची ज्योत विटकरी लाल, स्ट्राँशियमची किरमिजी, बेरियमची कोवळी हिरवी.

१९८० च्या सुमारास एका तालुक्याच्या गावाहून शहरातील महाविद्यालयात आलेल्या एका मुलाला हा तक्ता तोंडपाठ होता. शाळा मराठी माध्यमाची. महाविद्यालयात सारे इंग्रजीतून. तरीही त्याची खरी अडचण भाषेची नव्हती. दोन्ही भाषांतील शब्द त्याने जमवले होते. त्या शब्दांमागचे लाल आणि हिरवे मात्र त्याला वेगळे दिसत नव्हते. बेरियम आणि कॅल्शियम या दोहोंच्या ज्योती त्याला सारख्याच मळकट पिवळ्या वाटत. निळ्यापिवळ्याची पारख नीट होती, म्हणून घरी कोणाला फारसे जाणवले नव्हते. आजोळी आजोबा मिरच्यांच्या वाफ्यात उभे राहून आजीला हाक मारीत, ‘‘पिकलेल्या कोणत्या गं यात?’’ घरातली माणसे हसत. हे हसणे आपल्याही वाट्याचे आहे, हे नातवाला फार लवकर कळले होते, आणि म्हणूनच तो गप्प राहायला शिकला होता.

प्रयोगशाळेत गप्प राहणे सोपे होते. शेजारच्या टेबलावरचा सोबती ‘‘हिरवी रे!’’ म्हणाला, की हा जर्नलमध्ये ‘हिरवी’ लिही. सोबती नसेल तेव्हा तो आधी इतर कसोट्यांवरून उत्तराचा अदमास घेई आणि त्याला साजेसा रंग मागाहून भरी. निरीक्षणाच्या रकान्यात असे जे लिहिले जात होते, ते निरीक्षण नव्हते.

दुसऱ्या वर्षाच्या एका चाचणीत त्याला बेरियमचा क्षार मिळाला. त्याने ज्योत पाहिली आणि ‘विटकरी लाल’ असे लिहिले. सरांनी पुन्हा पाहायला सांगितले. त्याने पुन्हा पाहिले, पुन्हा तेच सांगितले. सर क्षणभर ज्योतीकडे न पाहता त्याच्याकडे पाहत राहिले. वर्ग सुटल्यावर त्यांनी त्याला थांबवून घेतले. तो खाली मान घालून बोलणी खाण्याच्या तयारीने उभा राहिला.

‘‘केव्हापासून आहे हे?’’

‘‘लहानपणापासून, सर.’’

‘‘मग आधी सांगायचं नाहीस का? अरे, ज्योत ही नुसती चाहूल असते. पुरावा साक्याचा. डोळ्याला कळत नसेल तर साक्याला विचार.’’

त्या संध्याकाळी त्यांनी त्याच्याकडून पाचवा गण नव्याने करवून घेतला. अमोनियम कार्बोनेटने पडलेला पांढरा साका ॲसिटिक आम्लात विरघळवायचा, त्यात पोटॅशियम क्रोमेट घालायचे. पिवळा साका बसला तर बेरियम. नाही बसला, तर अमोनियम सल्फेटने स्ट्राँशियमची विचारणा करायची. तेही नसेल, तर अमोनियम ऑक्झलेटने कॅल्शियमची. येथे प्रश्न लालहिरव्याचा नव्हता, साका पडतो की नाही याचा होता. जाताना सरांनी कपाटातली निळी कोबाल्टची काच दाखवली. सोडियमच्या पिवळ्या झळाळीत पोटॅशियमची फिकट जांभळी ज्योत बुडून जाते. ती दिसावी म्हणून धडधाकट डोळ्यांचे लोकही ही काच धरतात. तेव्हा पुरेसा डोळा कोणाचाच नसतो, एवढे त्या मुलाने मनाशी नोंदवले.

ग्रंथालयात त्याला डाल्टन भेटला. आधुनिक अणुसिद्धांताचा हा प्रवर्तक स्वतः रंगांध होता, आणि अणूंविषयी लिहिण्याच्या आधीच, १७९४ मध्ये, त्याने मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे स्वतःच्या दृष्टीविषयी निबंध वाचला होता. आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा, असा त्याचा तर्क होता. १८४४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर डोळा तपासला गेला. द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यातील जनुकांवरून खरे कारण १९९५ मध्ये कळले: मध्यम तरंगलांबीचा प्रकाश टिपणारे रंगद्रव्यच त्याच्या डोळ्यात नव्हते. त्याचा तर्क चुकला, पण आपल्याला जे दिसत नाही ते चारचौघांत सांगण्याला त्याने संकोच केला नाही. मुलाच्या मनात घर केले ते याच गोष्टीने.

तिसऱ्या वर्षी घनपदार्थांचे रसायन आले, आणि रंग हा डोळ्याचा विषय न राहता रचनेचा झाला. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. पाचू म्हणजे बेरिल, बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचे सिलिकेट. दोहोंत ॲल्युमिनियमच्या काही जागा क्रोमियमने घेतलेल्या. दोहोंत त्या क्रोमियमभोवती सहा ऑक्सिजन. माणकात या ऑक्सिजनांचे क्षेत्र किंचित प्रबळ, पाचूत किंचित दुर्बळ. तेवढ्या फरकाने शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाचे पट्टे सरकतात आणि एक रत्न लाल, दुसरे हिरवे होते. वर्गातील इतरांना या दोन रंगांमागे एकच आयन आहे, याचे नवल वाटले. त्याला नवल वाटले ते उलट कारणाने: त्याच्या डोळ्यांनी ज्यांना जवळजवळ एकच मानले होते, त्यांच्यात खरोखरीच काही एक होते, आणि जो भेद त्याला दिसत नव्हता, तो आता वर्णपटाच्या आलेखावर बोट ठेवून दाखवता येत होता.

अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेत त्याला पुन्हा पाचव्या गणाचा क्षार आला. बाहेरचे परीक्षक अनोळखी होते. सोबती दोन टेबलांवर होता आणि खूण करायला तयारही होता. मुलाने तिकडे पाहिले नाही. ज्योतीपुढच्या रकान्यात त्याने लिहिले, ‘रंग निश्चित सांगता येत नाही’, आणि तो क्रोमेटच्या बाटलीकडे वळला. त्या वाक्यापायी किती गुण गेले, हे त्याला कधी कळले नाही. मात्र तीन वर्षांत ज्योतीच्या रकान्यात त्याने लिहिलेले ते पहिले खरे निरीक्षण होते.